ओव्ह ॲरप अँड पार्टनर्स

संरचना अभियांत्रिकीच्या क्षेत्रातील एक जगप्रसिद्ध सल्लागार व्यवसायसंस्था. मूळ डॅनिश घराण्यातील अभियंते सर ओव्ह ॲरप (१६ एप्रिल १८९५–५ फेब्रुवारी १९८८) यांनी ती १९४६ मध्ये लंडन येथे स्थापन केली. सिडनीचे संगीतिकागृह, पॅरिसचे पाँपिदू केंद्र, हाँगकाँगमधील हाँगकाँग अँड शांघाय बँकेची इमारत (१९८५) इ. वास्तूंच्या संरचनांचे अभिकल्प या संस्थेने तयार केले. आता ती केवळ ‘ॲरप’ या नावाने ओळखली जाते.

कोणतीही मोठी वास्तू उभी राहते ती प्रामुख्याने तिघांच्या प्रयत्नांतून. वास्तुविशारद तिची मांडणी व रूप ठरवितो. हे रूप स्वतःचे वजन, वारा, भूकंपाचे हादरे व माणसांची वर्दळ यांचा भार पेलून कसे उभे राहील, याचा निर्णय संरचना अभियंता करतो आणि कंत्राटदार प्रत्यक्ष बांधकाम करतो. संरचना अभियंत्याची पेढी स्वतः काही बांधत नाही व विकतही नाही. आकडेमोड, आराखडे आणि त्यांमागील निर्णय एवढाच तिचा माल. तिच्यापाशी कारखाना नसतो, गोदाम नसते. संध्याकाळी कचेरी बंद झाली की तिचे सारे भांडवल आपापल्या घरी जाते. म्हणून अशा पेढीत माणसे का येतात, का टिकतात व परस्परांशी कशी वागतात, हा प्रश्न तिच्या कामाच्या गुणवत्तेपासून वेगळा काढता येत नाही. ॲरप यांनी हा प्रश्न उघडपणे विचारला आणि पेढीची घडणही त्याच्या उत्तराला अनुसरून केली. अभियांत्रिकीच्या इतिहासात या संस्थेला जे स्थान मिळाले, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

संस्थापक व पूर्वेतिहास : ॲरप यांचा जन्म इंग्लंडमधील न्यूकॅसल अपॉन टाइन येथे झाला. वडील डॅनिश पशुवैद्य, आई नॉर्वेजियन. त्यांचे बालपण हँबर्ग येथे व शालेय शिक्षण डेन्मार्कमध्ये झाले. कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी प्रथम तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला व त्यानंतर ते अभियांत्रिकीकडे वळले. प्रबलित काँक्रीट हा विशेष विषय घेऊन त्यांनी १९२२ मध्ये पदवी मिळविली. त्यांच्या पुढील लेखनातून व भाषणांतून तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची चिकित्सक, काहीशी मिस्कील वृत्ती सतत डोकावते. क्रिस्टियानी अँड नील्सन या डॅनिश कंत्राटदार कंपनीत ते हँबर्ग येथे रुजू झाले व पुढच्याच वर्षी तिच्या लंडन शाखेत गेले. धक्के, जेट्टी, साठवणीच्या टाक्या अशी कामे करताना काँक्रीट प्रत्यक्षात कसे ओतले जाते, साचे कसे उभारले जातात व खर्च कोठे वाढतो, याचे त्यांना मिळालेले ज्ञान निव्वळ कागदावर काम करणाऱ्या अभियंत्याला सहसा मिळत नाही.

याच काळात नव्या वास्तुकलेचे पुरस्कर्ते बर्थोल्ड ल्युबेटकिन व त्यांचा ‘टेक्टन’ हा गट यांच्याशी ॲरप यांचा संबंध आला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पेंग्विन पक्ष्यांचा तलाव (१९३४) हे त्यांच्या सहकार्याचे सुपरिचित उदाहरण. एकमेकांभोवती वळणाऱ्या, मध्ये कोठेही आधार नसलेल्या दोन सडपातळ उतरंडी हे त्याचे वैशिष्ट्य असून तिच्या आकडेमोडीत फेलिक्स सॅम्युएली या अभियंत्याचा महत्त्वाचा वाटा होता. हायपॉइंट (१९३५) या निवासी इमारतीत प्रबलित काँक्रीटच्या भिंतींनाच भार पेलायला लावल्याने खोल्यांमधील अडगळीचे स्तंभ टळले. १९३८ मध्ये ॲरप यांनी आपल्या चुलतभावाबरोबर स्वतःची कंत्राटदार कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उभारावयाच्या ‘मलबरी’ या तरत्या बंदराच्या धक्क्यांसाठी लागणाऱ्या आघातरोधकांच्या अभिकल्पात त्यांचा सहभाग होता. कंत्राटदाराला नफ्याकडे पाहावे लागते आणि सल्लागाराला वास्तूच्या हिताकडे. ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर घेणे त्यांना उत्तरोत्तर अवघड वाटू लागले असावे. युद्धानंतर कंत्राटदारी सोडून त्यांनी सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला. १९४९ मध्ये रोनाल्ड जेंकिन्स, जेफ्री वुड व अँड्र्यू यंग हे त्यांचे भागीदार झाले आणि पेढीचे ओव्ह ॲरप अँड पार्टनर्स हे नाव रूढ झाले.

प्रारंभीची कामे : डब्लिन येथील बसस्थानकाची इमारत हे पेढीच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक. साउथ वेल्समधील ब्रिनमॉर येथील रबर कारखान्याच्या (१९५१) मुख्य दालनावर काँक्रीटची नऊ पातळ कवचछते होती. युद्धोत्तर टंचाईच्या काळात पोलादाचा वापर कमी करणारा हा प्रकार सोयीचा ठरला. अशा छतांचे गणित अत्यंत किचकट असते. ते सुटसुटीत करण्यासाठी जेंकिन्स यांनी सारणी-बीजगणिताचा उपयोग केला. संगणक येण्यापूर्वी केलेल्या या तयारीचा पुढे संगणक आल्यावर पेढीला फार लाभ झाला. कारखान्याची इमारत मात्र २००१ मध्ये पाडण्यात आली. कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलचे (१९६२) संरचनाविषयक कामही पेढीकडेच होते.

स्वतः ॲरप यांना आपल्या सर्व कामांत एक लहानसा पूल विशेष प्रिय होता. डरॅम येथील विअर नदीवरचा किंग्जगेट पादचारी पूल (१९६३) हा सु. १०७ मी. लांबीचा असून नदीच्या खोल दरीत मचाण उभारण्याचा खर्च टाळण्यासाठी तो एका अभिनव पद्धतीने बांधण्यात आला. पुलाचे दोन्ही अर्धे भाग आपापल्या तीरावर, नदीला समांतर असे ओतण्यात आले. प्रत्येकाचे वजन सु. १५० टन होते. नंतर ते आपल्या पायथ्यावर काटकोनात फिरवून मध्यभागी काशाच्या सांध्याने जोडण्यात आले. बांधण्याची रीत व वास्तूचे रूप या दोन गोष्टी एकाच विचारातून निघाव्यात, हा ॲरप यांचा आग्रह या पुलात जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. मृत्यूनंतर त्यांची रक्षा याच पुलावरून विसर्जित करण्यात आली.

सिडनीचे संगीतिकागृह : जानेवारी १९५७ मध्ये ⇨ सिडनी येथील नियोजित संगीतिकागृहाच्या स्पर्धेचा निकाल जाहीर होऊन यॉर्न उट्सन या डॅनिश वास्तुविशारदाची निवड झाली. ॲरप यांनी त्यांना पत्र लिहून अभिनंदन केले व मदत देऊ केली. पेढीला कीर्ती मिळवून देणारे आणि तिची सर्वांत कठोर परीक्षा घेणारे काम ते हेच. उट्सन यांच्या रेखाटनांतील शिडासारखी छपरे मुक्तहस्ते काढलेली होती. त्यांना निश्चित अशी भूमिती नव्हती. भूमिती नसेल तर गणित मांडता येत नाही आणि प्रत्येक तुकडा निराळा असेल तर साचेही परवडत नाहीत. अन्वस्त, विवृत्तज इ. अनेक आकार एकामागून एक तपासून टाकून देण्यात आले. त्यातच राजकीय निकडीमुळे सरकारने मार्च १९५९ मध्ये, म्हणजे छपराचा निर्णय होण्यापूर्वीच, चौथऱ्याचे काम सुरू करविले. परिणामी छपराचे वजन वाढल्यावर आधी उभारलेले काही स्तंभ पुन्हा मजबूत करून बांधावे लागले.

१९६१ मध्ये छपराच्या कामाची सूत्रे जॅक झुन्ट्स यांच्याकडे आली. त्याच वर्षी उट्सन यांना उत्तर सापडले : सर्व छपरे ७५ मी. त्रिज्येच्या एकाच काल्पनिक गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यावयाची. गोलाची वक्रता सर्वत्र सारखी असल्याने मोजक्या साच्यांतून शेकडो तुकडे ओतता येऊ लागले. हे तुकडे एकावर एक रचून पंख्याच्या काड्यांसारख्या फासळ्या तयार केल्या गेल्या व त्यांतून ओवलेल्या पोलादी तारा ताणून त्या एकजीव करण्यात आल्या. या छपरांना सर्रास ‘कवच’ म्हटले जात असले, तरी शास्त्रीय अर्थाने ती कवचे नव्हेत. गॉथिक कॅथीड्रलमधील फासळ्यांच्या घुमटीशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. या कामासाठी संगणकाचा झालेला वापर हा इमारतींच्या संरचनेतील संगणकाच्या अगदी प्रारंभीच्या मोठ्या उपयोगांपैकी होय. संगणकाखेरीज हे छप्पर त्या काळात पुरे झाले असते की नाही, याविषयी शंका वाटते.

फेब्रुवारी १९६६ मध्ये मानधन व अधिकार यांवरून मंत्र्यांशी झालेल्या वादात उट्सन यांनी काम सोडले. तत्पूर्वीच अंतर्भागातील प्लायवुडच्या तुळयांवरून त्यांचे अभियंत्यांशी मतभेद झाले होते. पेढीनेही आपल्याबरोबर बाहेर पडावे, ही उट्सन यांच्या समर्थकांची अपेक्षा होती. पेढी मात्र कामावर राहिली. अर्धवट छपराची जबाबदारी टाकून जाणे ग्राहकाशी व वास्तूशीही अप्रामाणिकपणाचे ठरेल, असे तिच्या बाजूने सांगितले गेले, तर वास्तुविशारदाला एकाकी पाडले, असा आरोप दुसऱ्या बाजूने झाला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अभियंत्याची निष्ठा वास्तुविशारदाशी, पैसे देणाऱ्या ग्राहकाशी की वास्तूशी, हा प्रश्न एरवी भाषणांपुरता असतो. सिडनीत तो एका मैत्रीच्या मोलाने सोडवावा लागला. २० ऑक्टोबर १९७३ रोजी संगीतिकागृहाचे उद्‌घाटन झाले. मूळ अंदाज सु. ७० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. प्रत्यक्ष खर्च १० कोटी २० लक्ष डॉलर झाला.

संघटना व सामूहिक जीवन : सिडनीचे काम चालू असतानाच पेढी झपाट्याने वाढली. आफ्रिका व ऑस्ट्रेलियात तिच्या शाखा निघाल्या. वास्तुविशारद, अभियंते व बांधकामाची मापे आणि खर्च काढणारे तज्ञ यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसून काम करावे, या हेतूने १९६३ मध्ये ॲरप असोशिएट्स ही स्वतंत्र शाखा काढण्यात आली. वास्तुविशारद फिलिप डॉसन हे तिचे एक संस्थापक होते. वास्तूचा प्रत्येक भाग हा एकाच समग्र विचाराचा अंश असावा, या भूमिकेला ॲरप ‘समग्र वास्तुकला’ म्हणत. १९६६ मध्ये पेढीचे नियतकालिक सुरू झाले. त्यात आपापल्या कामांतील अडचणी व त्यांवरील उपाय अभियंते स्वतः लिहीत. व्यवसायातील गुपिते जपून ठेवण्याच्या सर्वसाधारण रीतीच्या हे अगदी उलट होते.

संस्थापक पिढी निवृत्तीच्या वयाला पोचल्यावर विखुरलेल्या शाखांनी एकत्र राहावे की वेगळे व्हावे, असा प्रश्न उभा राहिला. ९ जुलै १९७० रोजी विंचेस्टर येथे सर्व भागीदारांसमोर ॲरप यांनी केलेले भाषण पेढीत ‘सूत्रभाषण’ म्हणून ओळखले जाते आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते आजही वाचावयास दिले जाते. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे : कामाकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एकीत काम म्हणजे पोटासाठी सोसावयाचे ओझे आणि खरे जगणे सुट्टीत. दुसरीत काम हेच गोडीचे व समाधानाचे साधन. पेढीने दुसरी रीत निवडली आहे. तथापि काम गोडीचे व्हायचे तर ते उत्तम असले पाहिजे, समाजाला उपयोगी असले पाहिजे, व्यवहार सरळ असले पाहिजेत आणि संघटना मोठी होऊनही माणसाला यंत्रातील चाक मानणारी नसावी. पैशाचा उल्लेख ॲरप टाळत नाहीत; सर्वांची वाजवी भरभराट हेही एक उद्दिष्ट ते सांगतात, परंतु तेवढेच उद्दिष्ट धरल्यास बाकीची उद्दिष्टे हातची जातील, असा इशाराही देतात. ही उद्दिष्टे एकमेकांना काटशह देतात, याची कबुली ते जागोजाग देतात. व्यावसायिक संस्थांच्या जाहीरनाम्यांत सहसा न आढळणारा हा प्रांजळपणा त्या भाषणाच्या दीर्घायुष्याचे कारण असावा.

या विचाराला कायदेशीर रूप मिळाले ते मालकीच्या रचनेत. भागीदारांनी आपले हक्क सोडले आणि १९७०–८० या दशकात पेढीची मालकी कर्मचाऱ्यांच्या हितासाठी स्थापन केलेल्या न्यासांकडे गेली. पेढीला बाहेरचे भागधारक नाहीत. होणाऱ्या नफ्याचा एक भाग सर्व कर्मचाऱ्यांत वाटला जातो. संस्थापकाच्या पश्चात पेढी वारसांकडे जावी किंवा मोठ्या कंपनीला विकली जावी, हे व्यापारी पेढ्यांचे नेहमीचे दोन्ही मार्ग अशा रीतीने बंद झाले. एखादे काम तोट्याचे असूनही शिकण्यासारखे आहे म्हणून हाती घेण्याचे स्वातंत्र्य या व्यवस्थेने दिले. तिची दुसरी बाजूही आहे : येथे मोठे होणाऱ्याला मालक होता येत नाही. काही कर्तबगार अभियंते बाहेर पडले. त्यांपैकी टेड हॅपोल्ड यांनी १९७६ मध्ये बाथ येथे काढलेली पेढी पुढे स्वतःच नामांकित झाली.

श्रेय कोणाचे, हाही सामूहिक कामातील एक नाजूक प्रश्न. सूत्रभाषणात संघभावनेवर भर असला, तरी पेढीत असामान्य व्यक्तिमत्त्वांना वाव मिळाला. पीटर राइस (१९३५–९२) हे त्यांतील अग्रगण्य. आयर्लंडमध्ये जन्मलेले राइस तरुणपणी सिडनीच्या छपरावर निवासी अभियंता होते. १९७१ मध्ये रेन्झो पियानो व रिचर्ड रॉजर्स या वास्तुविशारदांसह पेढीने पॅरिसच्या पाँपिदू केंद्राची स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेत ६८१ प्रवेशिका होत्या. ग्रंथालये व कलादालने स्तंभविरहित ठेवण्यासाठी सु. ४५ मी. लांबीच्या पोलादी कैच्या योजाव्या लागल्या. त्यांचा भार थेट स्तंभावर न देता ‘गर्बरेट’ नावाच्या ओतीव पोलादी तरफेवर देण्यात आला. सु. १० टन वजनाची ही तरफ स्तंभावर टेकलेली असते. आतील टोकावर कैची बसते आणि बाहेरील टोक उभ्या पोलादी दांड्याने खाली खेचून धरलेले असते. लाटलेल्या पोलादाऐवजी ओतीव पोलाद घेण्यामागे राइस यांचा विशिष्ट हेतू होता. एकोणिसाव्या शतकातील लोखंडी वास्तूंत घडविणाऱ्याच्या हाताचा ठसा दिसतो, तो आधुनिक इमारतींत हरवला आहे, असे त्यांचे मत होते. इमारत खुली झाल्यावर (१९७७) एक वृद्धा शांतपणे बसून गर्बरेटवरून हात फिरवीत असलेली त्यांना दिसली. या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी आत्मपर ग्रंथात केला आहे.

जुन्या वास्तूंच्या जतनाचे कामही पेढीने केले. यॉर्क येथील मध्ययुगीन कॅथीड्रलचा मध्यवर्ती मनोरा खचत असल्याचे आढळल्यावर १९६७–७२ या काळात वास्तुविशारद बर्नार्ड फील्डन यांच्यासह पेढीच्या अभियंत्यांनी त्याच्या पायाभोवती काँक्रीटची नवी बैठक घालून ती अगंज पोलादी दांड्यांनी आवळली. या खोदकामात रोमन छावणीचे अवशेष उजेडात आले.

मिलेनियम पूल : लंडनमध्ये टेम्स नदीवरील हा पादचारी पूल (वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर, शिल्पकार अँथनी कारो) १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पुलाला आधार देणारे तारदोर अगदी कमी झोळ देऊन, जवळजवळ आडवे बसविलेले असून मधला गाळा १४४ मी. आहे. गर्दी होताच पूल आडव्या दिशेने डोलू लागला. चालताना माणूस सेकंदाला सु. दोन पावले टाकतो, पण डावे व उजवे पाऊल विरुद्ध बाजूंना ढकलत असल्याने आडव्या रेट्याची आवर्तने सेकंदाला एकच होतात. पुलाची आडवी नैसर्गिक कंप्रता याच्या आसपास होती. पूल किंचित हलला की तोल सांभाळण्यासाठी माणसे पाय फाकून पुलाच्या लयीत चालू लागतात आणि त्यामुळे हेलकावे आणखी वाढतात. पेढीने पुलावर स्वयंसेवक चालवून प्रयोग केले. त्यांत असे दिसले, की एका गाळ्यावर सु. १६० माणसे होईपर्यंत पूल स्थिर असतो आणि त्यानंतर थोडीच माणसे वाढली तरी हेलकावे एकाएकी बळावतात. धोका क्रमाने वाढत न जाता एका सीमेपाशी अकस्मात प्रकट होतो, हा या प्रयोगांचा मुख्य निष्कर्ष.

तत्कालीन ब्रिटिश मानकांत अशा आडव्या रेट्याची तरतूद नव्हती. तथापि माहिती अगदीच नव्हती असेही नाही. जपानमधील एका पादचारी पुलाच्या अशा डोलण्यावर १९९३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. तो कंपनविषयक नियतकालिकांत राहिला. पूल बांधणाऱ्यांच्या नेहमीच्या वाचनात आला नाही. पेढीने दोष झाकला नाही. प्रयोगांची आकडेवारी व निष्कर्ष तिने व्यावसायिक नियतकालिकांत सविस्तर प्रसिद्ध केले. पुलाखाली ३७ द्रवयुक्त संदमक व ५० हून अधिक वजनी संदमक बसविण्यात आले. त्यासाठी सु. ५० लक्ष पौंड खर्च आला. सु. २,००० लोकांना चालवून अंतिम चाचणी घेतल्यावर फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. लंडनकरांनी त्याला दिलेले ‘डुलता पूल’ अशा अर्थाचे टोपणनाव मात्र टिकून आहे.

अलीकडील कार्य : बीजिंग येथील चीनच्या मध्यवर्ती दूरचित्रवाणी संस्थेची इमारत हे पेढीच्या अलीकडील बहुचर्चित कामांपैकी एक. तिचे दोन कलते मनोरे डिसेंबर २००७ मध्ये आकाशात एकमेकांना जोडले गेले. उन्हाने एक मनोरा दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावू नये म्हणून ही जोडणी पहाटे, दोन्हींचे तापमान सारखे असताना करण्यात आली. पेढीत आता १५,००० हून अधिक लोक काम करतात. एवढ्या विस्तारात विंचेस्टरच्या भाषणातील घरगुती वातावरण राहणे कठीणच.

भारतीय वाचकांच्या परिचयाचे पेढीचे एक काम लडाखमध्ये आहे. लेहजवळील शे येथील द्रुक पद्म कार्पो शाळेची योजना १९९७ पासून पेढीतील वास्तुविशारद व अभियंत्यांनी आखली. शाळेचा पहिला भाग २००१ मध्ये सुरू झाला. सु. ३,५०० मी. उंचीवर पाण्याची टंचाई, कडाक्याची थंडी व भूकंपाचा धोका या तिन्हींचा विचार येथे करावा लागला. भिंती स्थानिक ग्रॅनाइट दगडाच्या व मातीच्या विटांच्या आहेत. पण छपराचा भार भिंतींपासून अलग असलेला लाकडी सांगाडा पेलतो, त्यामुळे भूकंपात भिंतीला तडे गेले तरी छप्पर खाली येऊ नये, अशी योजना आहे. दक्षिणेकडील काचा व जाड भिंती दिवसाची ऊब साठवितात. शौचालये पाण्याशिवाय चालतात. बांधकामाच्या मोसमात दरवर्षी पेढीतील एक तरुण सदस्य काही महिने शाळेच्या जागेवर राहून स्थानिक कारागिरांबरोबर काम करी. ‘थ्री इडियट्स’ (२००९) या हिंदी चित्रपटातील शाळा म्हणून ही वास्तू देशभर ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरातील ढगफुटीच्या वेळी चिखलाचा लोंढा शाळेच्या आवारात शिरून नुकसान झाले. सफाई व दुरुस्तीनंतर वर्ग पुन्हा सुरू करण्यात आले.